फावल्या वेळातली शाळा

२००४ साली अमेरिकेत, बोस्टनमधल्या एका गुंतवणूक कंपनीत नोकरी करणारा सलमान ऊर्फ साल खान नावाचा तरुण ऑफिस सुटल्यावर फोनवरून गणित शिकवू लागला. विद्यार्थिनी एकच, नात्याने बहीण लागणारी बारा वर्षांची नादिया. ती राहायची न्यू ऑर्लीन्सला, दोन हजार किलोमीटरहून अधिक लांब. तिचं अडलं होतं एककांच्या रूपांतरापाशी. शाळेच्या परीक्षेत तेवढ्या एका भागात मार खाल्ला म्हणून तिला गणिताच्या मागच्या तुकडीत बसवलं जाणार होतं. फोनवर बोलायचं आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोघांनाही दिसेल असं गिरगटायचं, एवढीच सामग्री होती. नादियाची गाडी रुळावर आली. मग तिची भावंडं आली, मग नात्यातली आणखी मुलं. दोन वर्षांत दहा-पंधरा जण झाले.

इथे खरी अडचण सुरू झाली. दिवसभर नोकरी, घरी नुकतंच लग्न झालेली बायको, तीही डॉक्टरकीच्या प्रशिक्षणात बुडालेली. मुलांच्या शाळा सुटायच्या वेळा वेगळ्या आणि तोच अपूर्णांक प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचा. एका मित्राने सुचवलं, धडे रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाक. २००६ च्या नोव्हेंबरात पहिला व्हिडिओ चढला. साध्या खातेदाराला तेव्हा यूट्यूबवर दहा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ टाकता येत नसे, म्हणून धडा दहा मिनिटांचा झाला. घरातल्या कपड्यांच्या खोलीवजा कपाटात बसून, चेहरा न दाखवता, नुसता आवाज आणि काळ्या पाटीवरची रंगीत अक्षरं. भावंडांनी सांगितलं की तू प्रत्यक्ष शिकवतोस त्यापेक्षा व्हिडिओतला तू बरा. व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, आणि एकच गोष्ट पुन्हा विचारताना लाज वाटत नाही.

पुढचं जगाला ठाऊक आहे. खान अकॅडमी झाली, २००९ मध्ये त्याने नोकरी सोडली, घरासाठी साठवलेल्या पैशांवर काही महिने काढले, मग देणगीदार मिळाले. ही गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते ती त्या राजीनाम्यासाठी. स्वप्नासाठी नोकरीवर पाणी सोडलेला माणूस भाषणांत शोभून दिसतो. मला मात्र त्याआधीची पाच वर्षं जास्त मोलाची वाटतात. नोकरी चालू, संसार चालू, आणि त्यांच्या फटीतून शिकवणंही चालू. शिकवण्याचा असा जोडउद्योग करणाऱ्या हजारो लोकांपैकी राजीनामा देणारा एखादाच. बाकीच्यांनी तो देऊही नये. त्यांच्या नोकरीवर घरं उभी असतात.

गेलं वर्षभर मी अशा लोकांमध्ये हिंडतो आहे, त्यांच्या पूर्वसुरींबद्दल वाचतो आहे. एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. ही कामं उत्साहाच्या बळावर सुरू होतात, पण उत्साहावर टिकत नाहीत. टिकतात ती दोन गोष्टींमुळे. कामाचा तुकडा किती लहान करता येतो, ही पहिली. दहा मिनिटांचा तुकडा असेल तर तो मूल झोपल्यावर आणि कुकरची शिट्टी होण्याआधी बसतो. दोन तासांचा असेल तर तो महिनाभर ‘उद्या’वर जातो. दुसरी गोष्ट, त्या तुकड्याची किंमत घरातलं कोण मोजतंय हे उघडपणे बोललं गेलंय का.

*

जेम्स मरे यांचं उदाहरण यात सगळ्यात मोठं. स्कॉटलंडचा हा माणूस चौदाव्या वर्षी शाळेबाहेर पडला, स्वतःच्या हिमतीवर भाषा शिकला आणि पुढे लंडनजवळच्या मिल हिल इथल्या शाळेत मास्तर झाला. १८७९ च्या मार्चमध्ये त्यांनी ऑक्सफर्डच्या छापखान्याशी इंग्रजीच्या महाकोशाच्या संपादनाचा करार केला. दहा वर्षांत काम हातावेगळं होईल असा सगळ्यांचा अंदाज होता. मास्तरकी सुटली नव्हती. घरासमोरच्या बागेत त्यांनी पत्र्याची एक खोली उभारली, आत चिठ्ठ्यांसाठी १,०२९ खण केले आणि तिला ‘स्क्रिप्टोरियम’ असं भारदस्त नाव दिलं.

कोशाचा सगळा डोलारा चिठ्ठीवर उभा होता. टिपणवहीच्या अर्ध्या पानाएवढा कागद, डाव्या कोपऱ्यात शब्द, खाली पुस्तकाचं नाव, साल आणि तो शब्द वापरलेलं वाक्य. एका चिठ्ठीत एकच शब्द. जगभरातले वाचक, कुणी पाद्री, कुणी डॉक्टर, कुणी घरी बसलेल्या बायका, आपापल्या वेळेत वाचत आणि चिठ्ठ्या टपालाने पाठवत. चिठ्ठी लिहायला पाच मिनिटं पुरत, म्हणूनच कामाला इतके हात लागले. हेच लोकांकडून शब्दावरचे निबंध मागवले असते तर ‘अ’सुद्धा पुरा झाला नसता.

घरचं काय? मऱ्यांना अकरा मुलं. चिठ्ठ्या अक्षरवार लावायचं काम पोरांकडे यायचं आणि त्याचे खाऊचे पैसे मिळायचे. एल्सी आणि रॉसफ्रिथ या दोन मुली पुढे कोशाच्या कचेरीतच काम करू लागल्या. थोरल्या हॅरल्डने बापाला हजारो अवतरणं शोधून दिली. पुढे शाळेत शिकवता शिकवता आणि शाळा तपासनीसाची नोकरी करता करता त्याने बुद्धिबळाचा इतिहास लिहिला. १९१३ साली निघालेल्या त्या ग्रंथात या खेळाचं मूळ भारतात असल्याचं त्याने सविस्तर मांडलं आहे. फावल्या वेळात मोठं काम कसं बसवायचं, हे तो जेवणाच्या टेबलावरच शिकला असणार. आणि अ‍ॅडा मरे, अकरा मुलांची आई, घराचा जमाखर्च बघणारी, पाहुणे सांभाळणारी, नवऱ्याच्या कामाची घडी बसवून देणारी. कोशावर तिचं नाव संपादक म्हणून नाही. मला वाटतं, ही गोष्ट सांगताना दरवेळी तिचं नाव घेतलं पाहिजे.

१८८४ मध्ये पहिला भाग निघाला. ‘ए’ पासून ‘अँट’ पर्यंत, म्हणजे मुंगीपर्यंत. दहा वर्षांच्या मुदतीतली पाच उलटून गेली होती. पुढच्या वर्षी मऱ्यांनी शाळा सोडली आणि बिऱ्हाड ऑक्सफर्डला हलवलं.

*

आपल्याकडे या परंपरेची माणसं कमी नाहीत. दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित शिक्षक होते. शाळांमध्ये आणि ट्रेनिंग कॉलेजात शिकवण्याची नोकरी करतानाच त्यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठीतला अजोड ग्रंथ सिद्ध केला. तो १८९६ साली आला. त्याच वर्षी रॉबर्ट सिवेल या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर केलेला भारतीय पंचांगपद्धतीवरचा इंग्रजी ग्रंथही निघाला. दोनच वर्षांनी, वयाच्या पंचेचाळिशीच्या आसपास, ते गेले. त्यांच्या आयुष्यात ‘फावला वेळ’ कुठे असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

पण मी नाशिकचा. त्यामुळे मला जवळचे वाटतात ते देवळालीचे द. रा. कापरेकर. १९०५ साली डहाणूत जन्म, शिक्षण ठाण्याला आणि पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही, विद्यार्थ्यांच्या वह्या तपासायच्या त्या आहेतच. अशा माणसाने संशोधनासाठी जो विषय निवडला, तो त्याच्या आयुष्याला बेतून घेतल्यासारखा होता. संख्यांचे खेळ. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, जाडजूड ग्रंथालय लागत नाही. आकडे डोक्यात घेऊन स्टेशनवर उभं राहता येतं. त्यांनी एका जातीच्या संख्यांना ‘डेम्लो’ असं नाव दिलं, ते डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून, कारण कल्पना तिथे सुचली. लोकलची वाट बघण्याच्या वेळात गणितात भर पडली.

त्यांची सगळ्यात प्रसिद्ध संख्या ६१७४. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेले वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग हलत नाही. बड्या गणितज्ञांनी त्यांच्याकडे बराच काळ लक्ष दिलं नाही. स्वतःच्या पैशांनी ते पुस्तिका छापत राहिले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ च्या मार्चमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा कापरेकर सत्तरीचे होते. १९८६ साली ते गेले.

*

कापरेकरांची ही संख्या मी हल्ली जमिनीवर बसलेल्या मुलांच्या वह्यांत पाहिली, नाशिकरोडच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये. वर्ग घेणाऱ्या बाई एका बँकेत अधिकारी आहेत. नाव छापू नका म्हणाल्या. सगळी मुलं त्यांना काकू म्हणतात, तर आपणही काकूच म्हणू. पाचवी ते नववीची, शेजारच्या वस्तीतली आणि सोसायटीतली मिळून वीसेक मुलं. फी नाही. परीक्षा नाही. पोर्शन पुरा करायचा नाही.

वर्ग भरतो महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, साडेचार ते सव्वापाच. या वेळेमागे हिशेब आहे. २०१५ च्या सप्टेंबरपासून देशभरातल्या बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी मिळू लागली. बाकीचे शनिवार पूर्ण कामाचे. ‘ही सुट्टी मिळाली नसती तर वर्ग सुरूच झाला नसता,’ काकू सांगतात. ‘रविवार मी घराकडून मागणार नाही. रविवार घराचा.’

मी गेलो त्या दिवशी सातवीतल्या एका मुलीने २१११ ही संख्या घेतली. २१११ वजा १११२, उत्तर ९९९. तिने पुढची वजाबाकी केली, ९९९ वजा ९९९, शून्य. ‘काकू, माझं बिघडलं. सगळ्यांचं ६१७४ आलं, माझंच शून्य.’ काकूंनी लगेच उत्तर दिलं नाही. शेजारच्या मुलाला विचारलं, ‘अंक किती घ्यायचे ठरले होते?’ ‘चार.’ ‘तिच्याकडे किती आहेत?’ मुलगी वहीकडे बघत राहिली आणि मग ९९९ च्या पुढे तिने शून्य लिहिलं. ९९९० वजा ०९९९, ८९९१. पुढे ८०८२, पुढे ८५३२, पुढे ६१७४. डावीकडच्या शून्यालाही जागा असते, हे तिला आयुष्यभर कुणी पुन्हा सांगावं लागणार नाही. सव्वापाचला हॉल रिकामा झाला. पुढच्या वेळचं काही उरलं नव्हतं, कारण काकू असाच विषय निवडतात की तो एका बैठकीत सुरू होऊन त्याच बैठकीत संपतो. कुणी मध्ये दोन शनिवार आलं नाही तर त्याचं काही बुडत नाही. आणि स्वतः काकूंना एखाद्या शनिवारी जमलं नाही तर साखळी तुटत नाही.

हे शहाणपण त्यांना कुठून आलं, ते त्यांच्या वर्षाच्या आखणीवरून कळतं. मार्चमध्ये वर्ग नाही. बँकेचं वर्षअखेर असतं, त्या घरी रात्री कधी येतील याचा नेम नसतो. एप्रिलमध्ये मुलांच्या परीक्षा. मे महिन्यात निम्मी मुलं मामाच्या गावाला. जूनच्या मध्यावर सुरुवात, गणपतीत खंड, दिवाळीत खंड. उरलेल्या शनिवारांवर त्यांनी वर्ग बसवला. ‘वर्षभर चालवायचा हट्ट धरला असता, तर दुसऱ्याच वर्षी बंद पडला असता,’ हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. आपल्याकडे अखंडपणाचं फार कौतुक होतं. खंड पडणार हे धरून चालणारं काम मला जास्त खात्रीचं वाटतं.

घरी सासूबाई आहेत, गुडघ्यांनी त्रासलेल्या. त्यांच्याशी मी मुद्दाम बोललो. ‘सुरुवातीला मला नाही आवडलं,’ त्या सरळ म्हणाल्या. ‘आठवडाभर ही बाहेर. सुट्टीच्या दिवशी तरी घरात थांब म्हटलं. मग तिने मला विचारलं, आई, तुम्हांला कोणत्या वेळेला मी लागते ते सांगा. मी म्हटलं, सकाळी गरम पाण्याने पाय शेकायला आणि दुपारी औषधाला. चहाच्या वेळेला नाही लागत.’ त्यावरून साडेचारची वेळ ठरली. नवरा अंबडच्या कारखान्यात शिफ्टला असतो. त्या शनिवारी त्याची पहिली पाळी असेल तर रात्रीची खिचडी-कढी तो करतो, दुसरी असेल तर सकाळीच पोळ्या करून ठेवलेल्या असतात. हे सगळं एकदा बसून बोललं गेलं, आणि दर जूनला पुन्हा बोललं जातं, कारण पाळ्या बदलतात, गुडघे बदलतात. मुलगी दहावीला गेली त्या वर्षी तिने स्वतःच सांगितलं, आई, मला शनिवारी तू हवीस. त्या वर्षी वर्ग महिन्यातून एकदाच भरला.

टाळेबंदीत तर मुलांच्या घराप्रमाणे वेळ बदलावी लागली. वस्तीतल्या बऱ्याच घरांत स्मार्टफोन एकच, तो वडिलांबरोबर कामावर गेलेला. वडील रात्री आठला येणार, जेवणार, मग फोन मुलाच्या हाती. वर्ग रात्री नऊला भरू लागला, वीस मिनिटांचा, कारण त्यापुढे डेटा पुरत नसे. शिकणाऱ्यालाही घर असतं, ही गोष्ट शिकवणाऱ्याच्या अडचणींच्या भरात विसरली जाते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी शाळा काढली ती रात्रीची, कारण दिवस त्यांच्या पोटाचा होता.

*

काकूंच्या घरासारखी बोलणी सगळ्या घरांत होत नाहीत, हे सांगायला मोठ्या पाहणीची गरज नाही, पण पाहणी आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जात होती, पुरुषांची ९७. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं सुटली. साल खानचा एक धडा जेमतेम बसेल एवढी. पुरुषांचं घरकाम तेवढ्या काळात वाढलं नाही, कमीच झालं. म्हणून कुणी पुरुष फावल्या वेळात फार मोठं शैक्षणिक काम करतो आहे असं ऐकलं की मी आता त्याच्या घरच्या बाईशीही बोलतो. आणि एखादी बाई करत असेल तर तिने ती मिनिटं कुठून काढली, ते विचारतो. बहुधा झोपेतून.

काही कामं अशी की त्यांचं वेळापत्रक आकाशच ठरवतं. मुंबईच्या खगोल मंडळाची सुरुवात हॅलेचा धूमकेतू यायच्या सुमाराची, १९८५-८६ ची. काम सगळं हौशी कार्यकर्त्यांचं, कुणी बँकेत, कुणी कॉलेजात, कुणी कारखान्यात. वांगणीला त्यांचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात. बदलापूरच्या पुढचं स्टेशन, शहराचा उजेड मागे राहतो आणि लोकल तिथवर जाते. तारे बघायला अंधार हवा म्हणजे अमावास्येच्या आसपासची रात्र हवी, आणि नोकरदाराला दुसऱ्या दिवशी झोपायला मिळायला हवं म्हणजे शनिवारची हवी. दोन्ही जुळतील अशी रात्र महिन्यातून एखादीच. पावसाळ्यात ढग, म्हणजे चार महिने तीही नाही. एवढी बंधनं पाहून कुणालाही वाटेल की असं काम तग धरणार नाही. माझं मत उलट आहे. बंधनांनी तारखा आधीच ठरवून टाकल्या की घरी दरवेळी नव्याने परवानगी मागावी लागत नाही. वर्षभराच्या अमावास्या कालनिर्णयात छापलेल्या असतात, घरातली लग्नकार्यं त्या बघून ठरवता येतात. पहाटे व्याध मावळतीकडे झुकलेला बघून माणसं पहिली लोकल पकडतात आणि दुपारपर्यंत झोपतात. रविवारची भाजी त्या दिवशी दुसरं कुणीतरी आणतं.

अमेरिकेतल्या मराठी शाळांची रीत याच जातीची. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढाकाराने तिथल्या गावोगावी शनिवार-रविवारच्या शाळा चालतात, भारती विद्यापीठाच्या सहकार्याने परीक्षाही घेतल्या गेल्या आहेत. शिकवणारे बहुतेक आई-बाबाच, आठवडाभर कॉम्प्युटरपुढे बसणारे. न्यू जर्सीतल्या एका आईशी मी फोनवर बोललो. तिच्या शाळेत एका वर्गाला दोन शिक्षक असतात आणि दोघांपैकी एकाचं मूल त्याच वर्गात असतं. मुलाला पोहोचवायला यावं लागतंच, मग तो तास शिकवण्यात घालवायचा. वेगळा वेळ काढावा लागत नाही. मूल पुढच्या वर्गात गेलं की आईही पुढच्या वर्गात जाते आणि तिची जागा खालून आलेली दुसरी आई घेते. मला ही रचना फार हुशारीची वाटली. काम कुणा एकाच्या त्यागावर टांगलेलं नाही.

*

नोकरीच्या बाजूने एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण तिच्याबद्दल लोकांच्या मनात भीती असते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे सरकारी कर्मचाऱ्याला परवानगीशिवाय खासगी धंदा किंवा दुसरी नोकरी करता येत नाही. पण सामाजिक किंवा धर्मादाय स्वरूपाचं मानद काम, आणि प्रसंगोपात्त साहित्यिक, कलाविषयक, शास्त्रीय काम याला वाव ठेवलेला आहे, अट एवढीच की कर्तव्यात कसूर होता कामा नये. शाळेतल्या शिक्षकांना शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने खासगी शिकवणीला मनाई आहे. म्हणजे रेघ साधारण पैशापाशी आखलेली आहे. काकूंनी वर्ग सुरू करताना ऑफिसला लेखी कळवलं होतं, मोबदला घेत नाही असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं आणि पोच जपून ठेवली आहे. अशी कामं करणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या ठिकाणचे नियम वाचून हेच करावं. साहेब चांगला आहे म्हणून तोंडी सांगून भागत नाही. साहेब बदलतो.

पैशाचा दुसरा प्रश्न खर्चाचा. कागद, खडू, हॉलची साफसफाई. काकूंच्या वर्गाचा खर्च इतका कमी आहे की तो घरखर्चात जिरतो, आणि तो मुद्दामच तसा ठेवला आहे. मध्यंतरी एकाने प्रोजेक्टर देऊ केला होता. त्यांनी घेतला नाही. प्रोजेक्टर आला की तो ठेवायला कपाट, कपाटाला कुलूप, वायर जोडायला पंधरा मिनिटं, आणि पाऊण तासाच्या वर्गात पंधरा मिनिटं म्हणजे तिसरा हिस्सा. साल खानला जेव्हा अ‍ॅन डोअर या बाईंनी दहा हजार डॉलर दिले आणि मग तो पगाराशिवाय काम करतोय हे कळल्यावर आणखी एक लाख दिले, तेव्हा त्याचं काम मोठं होण्याच्या वाटेवर होतं. त्याला ते पैसे हवेच होते. प्रत्येक कामाने मोठं व्हायला हवं असं मात्र मला वाटत नाही. वीस मुलांचा वर्ग वीस मुलांचाच राहिला तरी त्या वीस जणांपुरतं काम पुरं होतं.

राहता राहिला कामाच्या मागे माणूस उभा करण्याचा प्रश्न. जेम्स मरे १९१५ साली गेले तेव्हा कोश ‘टी’ या अक्षरात होता. करार दहा वर्षांचा होता, छत्तीस वर्षं उलटली होती. कोश पुरा झाला १९२८ मध्ये, त्यांच्याबरोबर काम करून तयार झालेल्या संपादकांच्या हातून. चिठ्ठ्या नीट लावलेल्या होत्या, त्या लिहायची पद्धत सगळ्यांना एकच माहीत होती, म्हणून मधलं माणूस गेलं तरी काम उचलता आलं. कापरेकरांच्या मागे असा खण नव्हता. त्यांच्या पुस्तिका आज मिळवायच्या म्हटलं तर जुन्या ग्रंथालयांचे उंबरे झिजवावे लागतात, याचं मला नाशिककर म्हणून वाईट वाटतं.

काकूंची बदली यंदा जूनमध्ये झाली, धुळ्याला. सुट्टीच्या शनिवारांआधी शुक्रवारी रात्री येतात, रविवारी संध्याकाळी बस पकडतात. मी भेटलो तेव्हा त्या हॉलच्या कपाटातली वही दोन मुलांना समजावून देत होत्या. एक मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, एक मुलगी बारावी झालेली, दोघेही याच वर्गात सहावीपासून बसलेले. वहीत प्रत्येक शनिवारचं एक पान आहे. विषय, लागणारं सामान, मुलं कुठे अडली, आणि तळाशी ‘हा विषय दोन वर्षं घ्यायचा नाही’ किंवा ‘पुढच्या वर्षी नक्की’ अशी नोंद. २१११ घेतलेल्या मुलीचं अडणंही त्यात लिहिलेलं होतं.

‘काकू, दोन्ही शनिवार आम्हीच घेतो ना. तुम्ही एवढ्या लांबून येता, जरा आराम करा,’ मुलगी म्हणाली.

‘नको. दुसरा शनिवार तुमचा, त्या दिवशी मी आईंना घेऊन डॉक्टरांकडे जाणार. चौथा माझा. आणि तुझी परीक्षा असेल तेव्हा आठवडाभर आधी मला सांगायचं, ऐनवेळी नाही,’ काकूंनी सांगितलं आणि हॉलची दुसरी किल्ली तिच्या हातात दिली.